जड क्लचचे निदान

मोटार चालविणाऱ्या माणसाचा उजवा पाय सुखी असतो. त्याला थोडे दाबले की पुरते. खरी मेहनत डाव्या पायाची. गावातल्या रहदारीत दहा मिनिटे गाडी चालविली, तरी क्लचचे पेडल तीस-चाळीस वेळा दाबावे लागते. ते पेडल हलके असेल तर त्याची आठवणही होत नाही. जड असेल तर मात्र दुसरे काही सुचत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा तिच्याविषयी पुष्कळ हळवे लेखन झाले. परंतु त्या टॅक्सीवाल्यांच्या डाव्या गुडघ्यांविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र टॅक्सी नव्हे. जुनी, दोन आसनांची, खेळाच्या धाटणीची मोटार, म्हणजे ज्याला आपण स्पोर्ट्स कार म्हणतो ती, आणि तिचा जड झालेला क्लच, हा विषय आहे. अशा मोटारी आपल्याकडे थोड्याच. बहुतेक परदेशातून आलेल्या, कुणाच्या वडिलांनी वा आजोबांनी हौसेने जपलेल्या. आपल्या बाजूला बनलेली म्हणावी तर गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील वेर्णे येथे तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी उघड्या टपाची गाडी आठवते. तिचे अंग फायबरचे आणि इंजिन रेनॉचे, ११४९ घनसेंटिमीटरचे होते. गाडी कोणतीही असो, क्लचचे शास्त्र एकच आहे. आणि ज्यांच्याकडे मोटार नाही अशा विद्यार्थ्यांनीही हा लेख सोडून देऊ नये. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेली येझदी किंवा घरातली जुनी बजाज चेतक ज्यांनी चालविली आहे, त्यांच्या डाव्या मनगटाला हा विषय पुरता ठाऊक आहे.

मला हा विषय शिकविला तो सावरगावने.

सावरगाव म्हणजे जाम नदीच्या एका काठावरचे गाव. पलीकडच्या काठावर पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून होणाऱ्या गोटमारीमुळे या जोडगावांचे नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येते आणि मग लोक ते वर्षभर विसरतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, ही स्थिती आपल्या सीमाभागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नागपूरहून बैतूलकडे जाणारा मोठा रस्ता पांढुर्ण्यावरून जातो आणि पुढे मुलताईकडे चढत जातो. संत्र्यांच्या हंगामात या रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते. म्हणून इथल्या मिस्त्रींना क्लच हा अवयव तळहातासारखा ठाऊक आहे.

माझ्या एका मित्राकडे वडिलांची जुनी दोन आसनी मोटार होती, १९७० नंतरच्या दशकातली, विलायती बनावटीची. वडील गेल्यावर ती विकावी की ठेवावी, हा घरात वाद. ठेवायची तर क्लच इतका जड की मुलताईच्या चढावर मित्राचा गुडघा थरथरू लागे. आणि त्याच गुडघ्याला पूर्वी एकदा दुखापत झालेली. एका शहरातल्या गॅरेजात त्याने क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही बदलून घेतल्या. खर्च भरपूर झाला. क्लच होता तितकाच जड राहिला. “आता विकतोच,” असे म्हणत तो दिवाळीच्या सुटीत गाडी घेऊन सावरगावला आला. तिथे काय घडले ते पुढे सांगतो. त्याआधी क्लच जड का असतो, हे समजून घेणे अवश्य आहे.

क्लचचे काम आणि त्याचा भार

इंजिन सतत फिरत असते. चाके कधी फिरतात, कधी थांबतात. या दोहोंना हवे तेव्हा जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याला लागून क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर लावलेली चकती. आणि तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली स्प्रिंग त्या चकतीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. घर्षणामुळे चकती फ्लायव्हीलबरोबर फिरते आणि शक्ती गिअर बॉक्सकडे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा या स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावतो, दाब सुटतो आणि चकती मोकळी होते.

स्प्रिंगचा दाब किती असावा? एक साधे गणित करून पाहू. इंजिनची पीळशक्ती १२ किलोग्रॅम-मीटर आहे असे धरू. चकती घसरू नये म्हणून तीस टक्के जादा सोय ठेवली, तर सुमारे १५.६ झाले. चकतीच्या दोन बाजू, घर्षणांक ०.३ आणि घर्षण होते त्या कड्याची सरासरी त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर. तेव्हा १५.६ ला (२ × ०.३ × ०.०८५) ने भागले असता उत्तर येते सुमारे ३०६ किलो. म्हणजे मध्यम इंजिनाच्या गाडीतही स्प्रिंग तीनशे किलोंनी चकती दाबून धरते. तीन क्विंटल संत्री चकतीवर रचून ठेवावीत, तसे.

हे तीनशे किलो आपण एका पायाने कसे उचलतो? तरफेने. प्रेशर प्लेटमधल्या बोटांची तरफ सुमारे तिप्पट, तिला ढकलणाऱ्या काट्याची म्हणजे फोर्कची दुप्पट आणि पेडलची साडेचार पट धरली, तर एकूण गुणोत्तर ३ × २ × ४.५ म्हणजे २७ होते. ३०६ ला २७ ने भागले की सव्वाअकरा किलो उरतात. एवढा जोर पायाला सहज लावता येतो. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. जोर सत्तावीस पटींनी कमी झाला की अंतर सत्तावीस पटींनी वाढते. चकती मोकळी होण्यास प्रेशर प्लेट दीड-दोन मिलिमीटर सरकावी लागते; त्यासाठी पेडलला चाळीस ते चौपन्न मिलिमीटर प्रवास करावा लागतो. शिवाय सुरुवातीचा मोकळा प्रवास आणि मधल्या भागांची लवचीकता मिळून पेडल चांगले वीतभर खाली जाते.

खेळाच्या मोटारीत इंजिन जोरकस असते, चकती लहान ठेवलेली असते, म्हणून स्प्रिंग अधिक कडक घालावी लागते. तेव्हा अशा गाडीचा क्लच घरगुती गाडीपेक्षा काहीसा जड असणे हा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. दोष केव्हा म्हणायचा? पूर्वी होता त्याहून जड झाला तर.

जडपणाची दोन कारणे

क्लच जड होण्याची कारणे सांगा म्हटले तर कोणताही मिस्त्री दहा कारणे सांगेल. परंतु मुळाशी गेल्यास ती दोनच आहेत. एक, ज्याला ढकलायचे त्या स्प्रिंगचाच भार वाढला, किंवा तरफेचे गुणोत्तर बिघडले. दोन, वाटेत कोठेतरी घर्षण वाढले. रोग कोणत्या जातीचा हे ठरल्याशिवाय औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

घर्षण किती घात करू शकते, याचे उदाहरण खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. उधळलेल्या बैलाचा दोर नुसत्या हाताने धरला तर तो माणसाला फरफटत नेतो. पण तोच दोर झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन धरला, तर लहान मूलही बैलाला थोपवू शकते. जोर मुलाचा नसतो, वेढ्यांतल्या घर्षणाचा असतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा नियम मांडला: दोर जितक्या कोनातून वळतो, तितक्या मानाने दोन टोकांच्या ताणांतला फरक नुसता वाढत नाही, तर गुणाकाराने वाढतो.

ज्या गाड्यांत क्लचला केबल असते, त्यांत नेमके हेच होते. केबल म्हणजे कवचातून जाणारी तार. पेडलपासून फोर्कपर्यंत जाताना ती वळणे घेते. सगळ्या वळणांची बेरीज अर्धा वेढा, म्हणजे १८० अंश झाली असे समजा. तार स्वच्छ असून घर्षणांक ०.१ असेल, तर पायाला १.३७ पट जोर लावावा लागतो; सव्वाअकरा किलोंचे साडेपंधरा होतात. तीच तार गंजली, आतले अस्तर झिजले आणि घर्षणांक ०.२५ झाला, तर २.२ पट जोर लागतो. म्हणजे जवळजवळ पंचवीस किलो! स्प्रिंग तीच, प्लेट तीच, तरफ तीच. नुसत्या एका तारेने पेडलचे वजन दहा किलोंनी वाढविले. चेतक स्कूटरची क्लच वायर बदलल्यावर मूठ एकाएकी लोण्यासारखी का होते, याचे उत्तर यात आहे.

निदानाची पहिली खूण: परतीचा प्रवास

या दोन जातींचे रोग ओळखायचे कसे? युक्ती सोपी आहे. पेडल दाबताना काय होते हे सगळे पाहतात. सोडताना काय होते ते पाहावे.

स्प्रिंग कडक असेल तर ती जाताना जितका विरोध करते, तितक्याच जोराने पेडल परत पाठविते. घर्षण मात्र दोन्ही वेळा आडवे येते. दाबताना ते पायाच्या विरुद्ध असते आणि सोडताना स्प्रिंगच्या विरुद्ध. म्हणून दाबायला जड आणि परत यायलाही जोरकस असे पेडल असेल, तर दोष स्प्रिंगचा वा गुणोत्तराचा. दाबायला जड पण परत येताना सुस्त, पायाला जेमतेम ढकलणारे असेल, तर दोष घर्षणाचा.

हे मोजताही येते. घरात वजन करण्याचा पायाखालचा काटा असतो, तो आणि एक लाकडी ठोकळा घ्यावा. इंजिन बंद ठेवून, काटा उभा धरून शून्यावर आणावा. मग ठोकळा पेडलवर टेकवून काट्यामार्फत पेडल अगदी हळू दाबावे आणि ते निम्म्या प्रवासात असताना काटा वाचावा. मग तळापर्यंत नेऊन हळू सोडताना, त्याच जागी पुन्हा वाचावा. दोन वाचनांतला फरक थोडा असेल तर वाटेतले घर्षण थोडे. फरक मोठा असेल तर घर्षण मोठे. केबलच्या गाडीत तर दोन वाचनांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले, की घर्षण वगळून स्प्रिंगचा खरा भार किती, हे सुमाराने मिळते. कारण घर्षणाने एकदा गुणले जाते आणि एकदा भागले जाते.

मित्राच्या गाडीचे मी असे मोजमाप केले. दाबताना २८ किलो, सोडताना ५. गुणाकार १४०, वर्गमूळ सुमारे ११.८. म्हणजे स्प्रिंगचा भार बारा किलोंपेक्षाही कमी होता! प्रेशर प्लेट निर्दोष होती. बहुधा बदलली ती जुनीदेखील निर्दोषच असावी. कागदावर इतके कळले. पण घर्षण नेमके कोठे आहे, हे वर्गमूळ सांगत नाही. ते सांगितले सावरगावच्या एका ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी.

निदानाची दुसरी खूण: मधोमध तोडणे

मिस्त्री वयस्क, बोलणे थोडे. माझा काटा आणि कागद त्यांनी कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, दुखते कुठं ते पयले पाहा, दवाई मंग.” एवढे बोलून ते गाडीखाली शिरले आणि त्यांनी फोर्कजवळचे केबलचे टोक सोडविले. मग बाहेर येऊन हाताने पेडल दाबले.

या कृतीमागे मोठे तर्कशास्त्र आहे. पेडलपासून प्रेशर प्लेटपर्यंत एक साखळी आहे. ती मधोमध तोडली की अर्धी साखळी संशयातून मुक्त होते. तोडल्यावरही पेडल जड लागले, तर दोष वरच्या अर्ध्या भागात: पेडल, त्याची बुश, केबल. पेडल अगदी मोकळे झाले, तर दोष खालच्या अर्ध्यात: फोर्क, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट. उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध तोडावा. असे दोन-तीन वेळा केले की दोष एका सुट्या भागावर येऊन थांबतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो; पहिल्या पानापासून वाचत बसत नाही.

मित्राच्या गाडीचे पेडल केबल सोडल्यावरही जडच राहिले. मिस्त्रींनी केबलचे वरचे टोकही सोडविले. पेडल बुशवर थोडे कुरकुरले, पण हलले. मग कवचातली तार हाताने ओढून पाहिली. ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. केबल बाहेर काढल्यावर सगळा उलगडा झाला. पूर्वी कधीतरी कोणीतरी मूळ मापाची केबल न मिळाल्यामुळे लांब केबल बसविली होती आणि जादा लांबी जिरविण्यासाठी तिला एक फालतू वळसा दिला होता. तो वळसा एक्झॉस्टच्या नळीला जवळजवळ टेकत होता. उष्णतेने आतले प्लास्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटले होते. कोनही वाढला, घर्षणांकही वाढला. ऑयलरच्या नियमाने दोहोंचा गुणाकार मित्राच्या गुडघ्याने भोगला.

योग्य मापाची केबल मागवून, मूळ वाटेने, एक्झॉस्टपासून दूर बसविली. पेडलची बुश बदलून तिला ग्रीस दिले. पुन्हा मोजले तेव्हा दाबताना १५ किलो आणि सोडताना ९ भरले. वर्गमूळ ११.६. स्प्रिंगचा भार पूर्वीइतकाच होता. गेले ते फक्त घर्षण. गाडी मित्राच्या घरीच राहिली.

निरनिराळ्या दोषांच्या ओळखी

सगळ्याच गाड्यांना केबल नसते. पुष्कळ जुन्या मोटारींत द्रवदाबाचा क्लच असतो. पोर्शे ९११ ही प्रसिद्ध जर्मन गाडीदेखील १९८६ पर्यंत केबलवर होती आणि १९८७ पासून नव्या गिअर बॉक्सबरोबर द्रवदाबावर गेली. द्रवदाबाच्या योजनेत पेडल मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, तेल नळीतून जाते आणि स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या फोर्कला ढकलतो. पास्कलच्या नियमाने दाब सर्वत्र सारखा. म्हणून जोराचे गुणोत्तर दोन दट्ट्यांच्या क्षेत्रफळांवर ठरते. येथे एक हमखास चूक होते. मूळ मास्टर सिलिंडर पाऊण इंच व्यासाचा असताना, बाजारात मिळाला म्हणून सात अष्टमांश इंचाचा बसवितात. फरक डोळ्यांना दिसत नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, ते ३६ टक्क्यांनी वाढले आणि पेडलही तितकेच जड झाले. दुरुस्ती केल्यानंतर लगेच क्लच जड झाला असेल, तर आधी बदललेल्या भागाचे माप तपासावे.

द्रवदाबातला दुसरा दोष म्हणजे रबरी नळी आतून सुजणे. बाहेरून ती धडधाकट दिसते. आत वाट अरुंद झालेली असते. याची ओळख वेगाने होते. पेडल झटकन दाबले तर दगडासारखे लागते आणि अगदी सावकाश दाबले तर हलके लागते. सोडल्यावर सावकाश परत येते. कोरड्या घर्षणाला वेगाचे सोयरसुतक नसते, द्रवाच्या विरोधाला असते. हळू दाबूनही जडच असेल, तर सिलिंडरमध्ये गंज धरला आहे वा रबरी सील फुगले आहे, असा संशय घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते; वर्षानुवर्षे ते न बदलल्यास आत गंज चढतो. त्यात चुकून इंजिन ऑइलसारखे खनिज तेल पडले, तर सगळी रबरे फुगतात. तेलात हवा शिरली तर मात्र पेडल जड होत नाही, उलट पोकळ लागते आणि गिअर पडत नाहीत. तो वेगळा रोग आहे.

वरचा अर्धा भाग निर्दोष ठरला, तर दोष गिअर बॉक्सच्या तोंडाशी असलेल्या पेटीत असतो. तेथे फोर्कचा टेकू कोरडा पडून झिजलेला असतो, रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी खरवडलेली असते, किंवा फोर्क वाकलेला असतो. हे सारे पुन्हा घर्षणच.

शेवटी प्रेशर प्लेट. जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटमध्ये गोल गुंडाळीच्या अनेक स्प्रिंगा असतात. नंतरच्या गाड्यांत थाळीसारखी एकच स्प्रिंग असते, तिला डायफ्राम म्हणतात. या दोहोंचे म्हातारपण उलट सुलट असते. गुंडाळीच्या स्प्रिंगांत चकती झिजली की स्प्रिंगा सैलावतात. क्लच हलका होतो आणि घसरू लागतो. डायफ्राममध्ये चकती झिजली की थाळीचा कल बदलतो आणि ती आपल्या सर्वांत कडक स्थितीजवळ काम करू लागते. क्लच जड होतो. म्हणून डायफ्रामची गाडी वर्षानुवर्षे कणाकणाने जड होत गेली असेल आणि पेडल परत येतानाही जोरकस असेल, तर चकतीचे आयुष्य संपत आले असे समजावे. काही गाड्यांत पेडलला मदतीची एक स्प्रिंग असते. ती अर्ध्या प्रवासानंतर पायाला साथ देते. पेडल वरच्या भागात पूर्वीसारखे आणि खालच्या भागात एकाएकी जड झाले असेल, तर ही स्प्रिंग तुटलेली वा निसटलेली असते.

दुरुस्तीचे काही नियम

गिअर बॉक्स उतरविणे हे मोठे काम आहे. म्हणून तो एकदा उतरविला की चकती, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत. फोर्क आणि त्याचा टेकू तपासावा. चकतीच्या खाचांना ग्रीस द्यावे ते अगदी बोटभर; जास्त दिल्यास ते उडून अस्तरावर जाते आणि नवा क्लच घसरू लागतो. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलला वंगण घालू नये. त्याची तिला गरज नसते आणि तेलकट तारेवर धूळ बसते. नवी केबल मूळ लांबीची आणि मूळ वाटेनेच बसवावी. शेवटी पेडलचा मोकळा प्रवास गाडीच्या पुस्तिकेत दिला आहे तितका ठेवावा. पेडल हलके व्हावे म्हणून तो नाहीसा करू नये. तसे केल्यास बेअरिंग सतत टेकून फिरते आणि चकती घसरते.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. चाकांना अडण्या लावून गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी. जुन्या चकत्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. म्हणून ती तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

जड क्लच रेटून चालवीत राहिल्यास काय होते? पायाला त्रास होतो तो वेगळाच. तार ताणाखाली एकेक धागा तुटत जाते आणि शेवटी घाटातच तुटते. पेडल ज्या पत्र्याला जोडलेले असते तो पत्रा चिरतो. प्रेशर प्लेटच खरोखर कडक झाली असेल, तर पेडल दाबून धरतो तोवर शंभर किलोंच्या आसपास जोर इंजिनच्या क्रँकला पुढे ढकलीत असतो आणि तो झेलणाऱ्या पातळ चकत्या झिजतात. ट्रायम्फच्या जुन्या दोन आसनी गाड्या या बाबतीत प्रसिद्ध आहेत. तेव्हा क्लच कसाही असो, सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये आणून पाय पेडलवरून काढून ठेवणे, ही सवय इंजिनच्याही हिताची आहे.

सारांश, जड क्लच आला की लगेच प्लेट बदलायला धावू नये. आधी परतीचा प्रवास पाहावा, म्हणजे रोगाची जात कळते. मग साखळी मधोमध तोडावी, म्हणजे रोगाची जागा कळते. या दोन्ही गोष्टींना एक पान्हा, एक वजनकाटा आणि अर्धा तास लागतो. मी वर्गात घर्षणाचे समीकरण कित्येक वर्षे शिकविले. पण त्याचा एक पाय गाडीखाली असतो, हे सावरगावात कळले. निरोप घेताना मी मिस्त्रींना ऑयलरचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि हात पुसत म्हणाले, “म्हणजे तार सरळ ठेवा, असंच ना?” त्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.